गज आणि गजाची नळकांडी : मराठी शस्त्रेतिहासातील एका उपेक्षित अवयवाचा परामर्श

१

मराठ्यांच्या लष्करी इतिहासावर लिहिणाऱ्या ग्रंथकारांनी तोफांचा जितका विचार केला तितका हातातल्या बंदुकीचा केलेला नाही. बंदुकीविषयी जे थोडेफार लिहिले गेले आहे त्यातही नळी, चाप आणि कुंदा या तीन अवयवांपलीकडे लेखणी सहसा गेलेली नाही. हे स्वाभाविकही आहे. नळीतून गोळी सुटते, चापाने बार उडतो, कुंदा खांद्याला लागतो. उरलेले सामान किरकोळ, अशी आपली समजूत असते. परंतु किरकोळ म्हणून सोडून दिलेला अवयव कित्येकदा मुख्य अवयवापेक्षा अधिक विश्वासाने साक्ष देतो. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला वस्त्राच्या चुणीवरून काळ ठरविता येतो. नाणेशास्त्रज्ञ कडेच्या ठिपक्यांवरून टांकसाळ ओळखतो. शस्त्रांच्या बाबतीत मात्र ही दृष्टी आपण अद्याप पुरती अंगी बाणवलेली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक अवयव आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी तोंडाकडून भरावी लागते, आणि ती तळापर्यंत ठासण्यासाठी जी लांब काठी किंवा सळई वापरतात तिला गज म्हणतात. गजावाचून ही बंदूक म्हणजे लाकूड-लोखंडाचा निरुपयोगी सोटा होय; म्हणून गज बंदुकीबरोबरच वागवावा लागे. युरोपीय बंदुकीत नळीच्या खालच्या अंगाला, कुंद्याच्या लांब लाकडात कोरलेल्या पन्हळीत, ठरावीक अंतरावर धातूच्या आखूड नळ्या बसविलेल्या असत आणि त्यांतून गज सरकवून ठेवीत. बंदुकीच्या मुख्य नळीशी घोटाळा होऊ नये म्हणून या आखूड नळ्यांना येथे ‘नळकांडी’ म्हटले आहे.

ही नळकांडी कशी घडवीत, आपल्याकडील बंदुकीत त्यांच्या जागी काय असे, आणि या फरकावरून इतिहासाविषयी कोणते अनुमान काढणे युक्त व कोणते अयुक्त, हा या लेखाचा हेतू आहे. ‘मराठ्यांची बंदूक मागासलेली होती’ हे विधान पाठ्यपुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत इतक्या सहजतेने केले जाते की, ते विधान नेमके कोणत्या बंदुकीविषयी आणि तिच्या कोणत्या अंगाविषयी आहे, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. ती तसदी येथे घ्यावयाची आहे.

२

प्रथम घडणीचा विचार करू. नळकांडे दोन रीतींनी तयार होई : पत्रा वळवून, किंवा ओतून.

पत्र्याचे नळकांडे करताना कारागीर पितळेचा किंवा लोखंडाचा पातळ पत्रा घेई. गज तीन अष्टमांश इंच जाडीचा आहे आणि पत्रा इंचाच्या विसाव्या भागाइतका जाड आहे असे धरले, तर गजाभोवती वेढा घेण्यास सुमारे १.३ इंच रुंदीचा पत्रा लागतो. परंतु तेवढ्याने भागत नाही. वेढा पुरा झाल्यावर पत्र्याच्या दोन्ही कडा एकमेकींस चिकटून खाली उतरल्या पाहिजेत, म्हणजे त्यांची एक उभी जीभ तयार होते. या जिभेसाठी दोन्ही बाजूंना पाव पाव इंच धरले म्हणजे पत्र्याची एकूण रुंदी सुमारे १.८ इंच होते. ही जीभ फार महत्त्वाची, कारण नळकांडे लाकडात रोवले जाते ते तिच्याच आधाराने.

पत्रा कापल्यावर तो तापवून मऊ करीत. येथे पितळ आणि पोलाद यांच्या स्वभावातील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले तर कठीण होते. पितळ मात्र तापवून पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. ठोकताना पितळ पुन्हा ताठर होते, म्हणून ते मधून मधून तापवावे लागते. मऊ झालेला पत्रा गजापेक्षा किंचित जाड अशा पोलादी सळईभोवती वळवून, दोन्ही कडा शिकंज्यात आवळून, लाकडी हातोडीने ठोकीत. सळई गोल असेल तर नळकांडे गोल होई, अष्टकोनी असेल तर अष्टकोनी. मग टाकणखार लावून जिभेच्या सांध्यास झाळ देत. शेवटी कानशीने दोन्ही तोंडांजवळ एकेक-दोन दोन कड्या उठवीत. या कड्या केवळ शोभेच्या वाटल्या तरी तोंडाजवळची धार दडविण्याचे आणि पत्र्यास बळकटी आणण्याचे काम त्या करीतच.

ओतीव नळकांड्याची रीत निराळी. तेथे नमुना, साचा आणि ओतकाम आले. वळविण्याचे काम गेले, परंतु भोक साफ करण्याचे आणि बाहेरून कानस मारण्याचे काम वाढले. ब्रिटिश लष्करी बंदुकांचे पितळी सामान बहुतांशी ओतीव असे, आणि त्याचे कारण उघड आहे. एकाच मापाची हजारो नळकांडी हवी असतील तर साचा परवडतो. एकाच बंदुकीसाठी तीन-चार हवी असतील तर पत्रा आणि हातोडी पुरेशी होते. म्हणजे नळकांडे वळवलेले की ओतलेले, या साध्या प्रश्नाच्या उत्तरातही ते एकट्या कारागिराच्या दुकानातून आले की कारखान्यातून, याची सूचना दडलेली असते.

नळकांडे तयार झाले म्हणजे काम संपले असे नाही. अवघड काम लाकडाचे. कुंद्याच्या पुढच्या भागात पन्हळ कोरून तिच्या तळाशी जिभेपुरती खाच पाडावयाची, जीभ तीत बसवावयाची, आणि लाकूड व जीभ यांतून आडवे भोक पाडून बारीक खिळा ठोकावयाचा. पुढची नळकांडी अशी बसत. ज्या जागी पन्हळ संपून गज लाकडाच्या पोटात शिरतो तेथील नळकांडे वेगळ्या घाटाचे करीत. त्याला मागे चपटी शेपटी असे आणि ती लाकडाच्या पातळ कडेवर झाकणासारखी बसे. ही कड उघडी राहिली तर गजाच्या रोजच्या ये-जा करण्याने ती चिरफाळते. शेपटीचा घाट नक्षीदार असतो खरा, परंतु तिचा जन्म नक्षीसाठी झालेला नाही.

यापुढे लाकडाच्या पोटातले लांब भोक. ते नळीच्या खालून, नळीला समांतर आणि नळीच्या अगदी निकट जावे लागते. दोहोंमध्ये लाकडाचा थर जेमतेम इंचाच्या आठव्या भागाइतका उरतो. सामता जरा वर सरकला तर भोक नळीच्या पन्हळीत फुटते, जरा खाली गेला तर कुंदा जाड व बेढब करावा लागतो, आणि पुढे चाप आवळणाऱ्या मळसूत्राशीही त्याची गाठ पडू शकते. जुन्या बंदुकीचा कुंदा या जागी चिरलेला असेल तर तो वापराने चिरला की घडतानाच चुकला, हे या थराकडे पाहून बहुधा सांगता येते.

३

आता आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीकडे वळू. तिची रचना मुळातच वेगळी आहे. युरोपीय बंदुकीच्या एका मोठ्या वर्गात नळीच्या तळाशी लोखंडी कान झाळलेले असतात आणि लाकडातून आडवे खिळे घालून नळी कुंद्यात जखडतात. भारतीय बंदुकीत नळी व लाकूड यांना एकत्र बांधण्याचे काम वेढे करतात. हे वेढे चामड्याच्या वादीचे, तारेचे किंवा धातूच्या पट्टीचे असत. श्रीमंताच्या बंदुकीत चांदीचेही असत. गज नळीखालच्या लाकडात पाडलेल्या भोकात सरळ शिरतो. त्यामुळे वेगळे नळकांडे बहुधा लागतच नाही. पुढचे लाकूड आणि त्यावरील वेढे हीच गजाची राखण करतात.

हा अभाव पाहून काही लेखक ‘ओबडधोबड’, ‘प्राथमिक’ अशी विशेषणे वापरतात. ती विशेषणे तपासली पाहिजेत. कच्च्या चामड्याची वादी ओली असताना बांधली आणि वाळू दिली म्हणजे ती आक्रसून लाकूड व लोखंड यांना घट्ट आवळते, हे आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्यास औताच्या बांधणीवरून ठाऊक आहे. असा वेढा तुटला तर तो बदलण्यास बंदूकसाजाची गरज नाही. गावातील चांभार किंवा जिनगर ते काम करू शकतो. उलट जिभेचे नळकांडे लाकडातून निखळले तर खाच भरणे, नवा खिळा बसविणे, लाकूड चिरू न देणे ही कामे जाणत्या हातांचीच आहेत. पावसाळ्यात चामडे सैल पडते हा वेढ्याचा दोष; परंतु पावसाळ्यात तोडाही विझतो आणि रंजकही ओली होते, म्हणून त्या काळच्या मोहिमांचे वेळापत्रकच दसऱ्यापासून सुरू होई. दोष आणि गुण यांची बेरीज त्या त्या परिस्थितीतच केली पाहिजे.

युरोपात सर्वांनी नळकांडीच पत्करली होती असेही नाही. फ्रेंच पायदळाच्या १७१७ च्या नमुन्यात नळकांडी होती. १७२८ च्या नमुन्यापासून फ्रेंचांनी नळी लाकडाशी तीन धातूच्या वेढ्यांनी बांधण्यास आरंभ केला आणि गजाची सोयही त्या वेढ्यांवरच सोपविली. अठराव्या शतकात युरोपातील दोन प्रमुख लष्करी सत्तांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली होती, आणि त्यांतील एक उत्तर तत्त्वतः आपल्या तोड्याच्या बंदुकीच्या उत्तराशी जुळणारे होते. मग वेढा फ्रेंच असला म्हणजे सुधारलेला आणि दख्खनी असला म्हणजे मागासलेला, हे कोणत्या न्यायाने?

४

तरीही नळकांड्याच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की जिचे महत्त्व मान्य करावेच लागते. ती म्हणजे गजाचा कवायतीशी असलेला संबंध.

सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय शिपायाचा गज लाकडी असे. लाकडी गज घाईत मोडतो आणि दमट हवेत फुगून नळकांड्यात अडकतो. प्रशियाच्या सैन्यात आनहाल्ट-डेसाऊच्या लिओपोल्डने १६९८ च्या सुमारास लोखंडी गज आणला आणि पुढच्या वीस वर्षांत तो तेथील सर्व पायदळात रूढ झाला. १७४१ मध्ये मोल्विट्झच्या लढाईत प्रशियन पायदळाने जो वेग दाखविला त्याच्या कारणांत या गजाचीही गणना होते. ब्रिटिशांनी पोलादी गज पुढील काही दशकांत क्रमाक्रमाने स्वीकारला.

गज पोलादी झाला तसा तो बारीक झाला. म्हणून नळकांड्याचे भोकही लहान झाले. परंतु बारीक भोकात गज परत घालणे कठीण. रांगेत खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला, धुराने डोळे चुरचुरत असलेला शिपाई गज परत ठेवताना खाली पाहू शकत नाही; त्याने ते हाताच्या सवयीने केले पाहिजे. म्हणून सर्वांत पुढचे नळकांडे लांब आणि तुतारीच्या तोंडासारखे पसरट करण्यात आले. ब्रिटिश बंदुकीतही ही सुधारणा झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यासाठी तयार झालेल्या ३९ इंची नळीच्या नमुन्यात हे पसरट तोंड आढळते. पूर्वीच्या ब्रिटिश नमुन्यांच्या नळ्या ४६ व ४२ इंचांच्या होत्या. त्या मानाने हा नमुना आखूड, सुटसुटीत आणि स्वस्त. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर बंदुकांची टंचाई भासू लागली तेव्हा ब्रिटिश सरकारने कंपनीच्याच बंदुका घेतल्या आणि पुढे तोच नमुना आपल्या सैन्यासाठी पत्करला. हिंदुस्थानसाठी केलेली स्वस्त बंदूक अशा रीतीने नेपोलियनविरुद्धच्या युद्धातील मुख्य ब्रिटिश बंदूक बनली.

यावरून एक उपपत्ती मांडता येते : नळकांड्याचे तुतारीसारखे तोंड हे बंदुकीचे नव्हे, कवायतीचे अंग आहे. एकट्याने, आडोशाने, नेम धरून बार काढणाऱ्या बरकंदाजाला त्याची गरज नाही. एका शब्दासरशी शंभर गज नळीतून काढून शंभर गज परत ठेवणाऱ्या रांगेला ती आहे.

या उपपत्तीवर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. युरोपात शिकारीच्या बंदुकांना आणि पिस्तुलांनाही नळकांडी होती आणि ती या कवायतीच्या आधीपासून होती. तेव्हा नळकांडे म्हणजे कवायत, हे समीकरण टिकत नाही. आक्षेप मान्य करून उपपत्ती आवरती घेतली पाहिजे. नळकांड्याच्या केवळ अस्तित्वावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याचे भोक, तोंडाचा घाट आणि ते वळीव की ओतीव ही तीन लक्षणे एकत्र आली तरच लष्करी कारखाना आणि कवायती पलटण यांचे अनुमान काढणे युक्त ठरेल.

५

या दृष्टीने आपल्या विषयावरील प्रमुख ग्रंथांकडे पाहू.

एगर्टनचा हिंदी शस्त्रांवरील ग्रंथ १८८० मध्ये प्रथम आणि १८९६ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाला. आजही त्यावाचून चालत नाही. परंतु त्याची दृष्टी संग्राहकाची आहे. डोळा कोफ्तगारीवर, हस्तिदंतावर आणि नळीच्या तोंडाच्या घाटावर आधी जातो. अर्व्हिनचा मोगल सैन्यावरील १९०३ चा ग्रंथ फार्सी साधनांतील शब्दांचा मोठा खजिना आहे. मात्र तेथे शब्दाला वस्तूचा आधार मिळतोच असे नाही. सुरेंद्रनाथ सेन यांच्या मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील १९२८ च्या ग्रंथाचे ऋण प्रत्येक मराठी अभ्यासकावर आहे. त्यांनी कागदपत्रांतून सैन्याची व्यवस्था उभी केली. त्यांचा भर मात्र संघटना, शिस्त, किल्ले, तोफखाना आणि आरमार यांवर आहे. शिपायाच्या हातातील हत्यार हा त्यांच्या विवेचनाचा केंद्रबिंदू नव्हे.

अलीकडील ग्रंथांपैकी एल्गुड यांचा १९९५ चा ग्रंथ प्रत्यक्ष वस्तू हातात घेऊन लिहिलेला असल्यामुळे पद्धतीच्या दृष्टीने अनुकरणीय आहे. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ च्या ग्रंथात १८०३ च्या युद्धाचा विचार करून असे प्रतिपादन केले की, मराठ्यांचा पराभव यंत्रविद्येच्या उणिवेने झाला असे म्हणता येत नाही. सेनाधिकाऱ्यांची फूट आणि पैशाचे राजकारण यांकडे पाहिले पाहिजे. हे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. महादजी शिंद्यांच्या आश्रयाने १७८४ पासून द बॉयन याने उभारलेल्या पलटणी आणि आग्र्यास सँग्स्टर याने चालविलेला कारखाना यांची हकीगत काँप्टनने १८९२ मध्ये लिहिली, तीत तेथे दहा रुपयांस एक अशी चांगली बंदूक तयार होई असे नमूद आहे. ही हकीगत कूपर यांच्या मतास पोषक आहे. पण आग्र्याची बंदूक हाती आली तर ती ओळखावयाची कशी, या प्रश्नापाशी दोघेही आपल्याला एकटे सोडतात. तेथे नळी उपयोगी पडणार नाही, कारण नकलेचा सारा कस नळीत आणि चापात ओतलेला असतो. नक्कल करणाऱ्याचा हात सुटतो तो किरकोळ भागात : नळकांड्याच्या कानशीत, जिभेच्या खिळ्यात, शेपटीच्या बसवणीत.

मराठी लेखनाविषयी थोडे परखडपणे बोलणे प्राप्त आहे. आपली परंपरा कागदाची आहे आणि तिचा अभिमान योग्यच आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रांना स्वतंत्र वर्ग आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याच्या निगराणीची काळजी आहे. परंतु कागदावर ‘बंदुका’ असा शब्द आला की आपण तो उतरून घेतो आणि पुढे जातो. त्या कोणत्या बंदुका, हा प्रश्न कागदाला नव्हे तर वस्तूला विचारावा लागतो आणि वस्तूशी आपला परिचय बेताचा असतो. वस्तुसूचीत ‘मराठाकालीन बंदूक, लांबी अमुक’ एवढ्यावर भागविण्याची रीत याच वृत्तीतून आली. या ठिकाणी अबुल फजलचे स्मरण होते. आईन-इ-अकबरीप्रमाणे बादशाही बंदुकीवर कच्च्या व घडीव लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले ते ठिकाण, कारागीर, घडणीचे स्थळ, तारीख आणि अनुक्रमांक यांची नोंद होत असे. सोळाव्या शतकातील शस्त्रागाराने जे टिपून ठेवले त्याहून कमी आपण एकविसाव्या शतकात टिपावे, हे विद्यापीठीय संशोधनास भूषणावह नाही.

६

हा सारा विचार एका प्रसंगास लावून पाहू. शिरूर हे कंपनीचे लष्करी ठाणे होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन तेथून सुमारे ५०० पायदळ, सुमारे ३०० घोडेस्वार आणि दोन सहा-पौंडी तोफा घेऊन पुण्याकडे निघाला आणि १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे त्याची पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. कंपनीच्या शिपायांजवळ गारगोटीच्या चापाच्या बंदुका होत्या. गावात शिरलेल्या अरबांची ख्याती लांब नळीच्या तोड्याच्या बंदुकांसाठी होती. येथे दोन प्रकारचे गज समोरासमोर आले असे म्हणता येईल.

यावरून ‘बंदुकीने निकाल लावला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कवायती शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढतो हे मैदानातील रांगेचे गणित आहे. गल्लीबोळांत आणि घरांच्या भिंतींआड दिवसभर चाललेल्या झुंजीस ते जसेच्या तसे लागू पडत नाही. रांगच मोडली तेथे तुतारीच्या तोंडाचे नळकांडे फार तर थोडी सोय करील. उलट, एक वेगळीच गोष्ट लक्ष वेधून घेते. ग्रँट डफ सांगतो की, तोफ शत्रूच्या हाती गेल्याचे ऐकताच प्राणांतिक जखमी झालेला लेफ्टनंट पॅटिन्सन उठला आणि बंदुकीची नळी हातात धरून दस्त्याचे तडाखे हाणीत अरबांत घुसला. त्या क्षणी बंदूक ही सोटाच झाली होती. जाड मनगटाचा युरोपीय कुंदा हा मार सोसतो; सडपातळ, सरळ दस्त्याची तोडेदार बंदूक तो सोसण्यासाठी केलेलीच नव्हती, कारण तिच्या धन्याच्या कमरेला त्या कामासाठी तलवार किंवा जंबिया असे. या प्रसंगावरून एवढेच सिद्ध होते की, हत्याराची योग्यता त्याच्याकडून अपेक्षिलेल्या कामावरून ठरते. आणि प्रत्यक्ष लढाई त्या अपेक्षेबाहेरची कामे करून घेते.

मागासलेपणाच्या सिद्धांताला खरा धक्का याच्या पस्तीस वर्षांनी बसतो. १८५३ मध्ये ब्रिटिशांनी एनफील्डची नवी बंदूक पत्करली. तीही ठासणीचीच होती. परंतु तीत नळी लाकडाशी तीन धातूच्या वेढ्यांनी बांधलेली होती आणि जुनी नळकांडी नाहीशी झाली होती. गज लाकडातील पन्हळीत नुसता बसे. ज्या अवयवाच्या अभावामुळे दख्खनी बंदूक प्राथमिक ठरविली गेली तो अवयव ‘प्रगत’ बंदुकीने स्वतः होऊन टाकून दिला. १८६६ नंतर पाठीमागून भरण्याच्या बंदुका आल्या तेव्हा ठासण्याचे कामच संपले आणि गज केवळ नळी पुसण्यापुरता उरला. नळकांड्याचा इतिहास ही चढती भाजणी नाही. एका गरजेबरोबर तो अवयव पुढे आला आणि गरज बदलताच मागे पडला.

७

शेवटी या विवेचनाचा व्यावहारिक उपयोग. दौंड व शिरूर तालुक्यांतून पुणे-सोलापूर आणि पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) असे दोन जुने मार्ग जातात. पहिल्यावर यवत आहे; त्याच्या दक्षिणेस भुलेश्वराचा डोंगर आणि त्यावर विजापूरच्या मुरार जगदेवाने सतराव्या शतकात बांधलेला दौलतमंगळ. आदिलशाही, मराठे, कंपनी आणि १८५८ मध्ये आलेला लोहमार्ग, असे थर या पट्ट्यात एकावर एक बसले आहेत. समजा, यवतच्या एखाद्या जुन्या घरात खंडेनवमीला पूजेत ठेवलेली बंदूक आपल्याला दाखविण्यात आली. घरचे लोक ती ‘शिवाजी महाराजांच्या काळची’ आहे असे सांगतील. त्यांच्या श्रद्धेचा अवमान करण्याचे कारण नाही. पण त्यांचे शब्द तसेच उतरून घेणे हेही संशोधन नव्हे.

अशा वेळी नळीवरील नक्षीकडे जाण्यापूर्वी बंदूक उलटी धरावी. गज आहे काय, आणि असल्यास तो त्याच बंदुकीचा आहे काय? गज सहज हरवतो व सहज बदलला जातो, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. भोकाचा व्यास आणि गजाची जाडी जुळते का ते मोजावे. नळकांडी आहेत की वेढे? नळकांडी असल्यास किती, वळीव की ओतीव, पुढच्याचे तोंड पसरट आहे की सरळ? कंपनीच्या आखूड नमुन्यात ती तीन असत, आधीच्या ब्रिटिश नमुन्यांत चार. लाकडावर जुन्या खाचा बुजवलेल्या दिसतात काय? तशा दिसल्या तर कुंदा एका बंदुकीचा आणि नळी दुसरीची असण्याचा संभव आहे. ब्रिटिश घाटाच्या लाकडावर चामड्याचा वेढा दिसला तर त्यास विद्रूपता म्हणून काढून टाकू नये. निखळलेल्या नळकांड्याच्या जागी गावच्या कारागिराने केलेली ती दुरुस्ती असेल, आणि तिची साक्ष मूळ कारखान्याच्या शिक्क्याइतकीच मोलाची आहे.

या पाहणीस विलंब परवडणारा नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर हत्यारे बाळगणे हे परवान्याचे काम झाले आणि कित्येक घरांनी धास्तीने ती टाकली किंवा लपविली. १९५९ च्या कायद्याने कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या आणि दुरुस्त करूनही बार काढण्यास निरुपयोगी अशा हत्यारांस सूट दिली आहे. तरी ती धास्ती पुरती गेलेली नाही. दुसऱ्या बाजूने बाजाराची ओढ आहे. विकण्यापूर्वी बंदूक घासून चकचकीत करतात, गज नवा घालतात, सैल नळकांडी चिकटवतात किंवा उपटून टाकतात. ज्या खुणांवरून ती वस्तू कोणाची हे कळले असते त्या खुणा अशा रीतीने आधी जातात. नळी उरते, कारण ती जड असते. नळकांडे जाते, कारण ते हलके असते.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यापुरती अशी एक यादी करावी, असे सुचवावेसे वाटते. तीत मालकाच्या आख्यायिकेस एक रकाना द्यावा, आणि गजासाठी व तो धरून ठेवणाऱ्या साधनासाठी दुसरा. दोन्ही रकाने जुळले तर उत्तमच. जुळले नाहीत तर पहिला खोडू नये आणि दुसरा लपवू नये. ‘मराठ्यांची बंदूक’ हे एकवचन बाजूस सारून बंदुका या अनेकवचनाचा इतिहास लिहिण्यास आपण ज्या दिवशी सिद्ध होऊ, त्या दिवशी त्याचा आरंभ या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेपासून करावा लागेल.